प्लास द ला काँकॉर्द : पॅरिसमधील एका चौकाची राजकीय स्थित्यंतरे

प्रस्तावना

शहरातील चौक हा रहदारीच्या सोयीसाठी असतो, ही समजूत आधुनिक काळातील आहे. अठराव्या शतकातील युरोपीय राजधान्यांमध्ये भव्य चौक निर्माण झाले ते प्रामुख्याने राजसत्तेच्या प्रदर्शनासाठी. राजाचा पुतळा कोठे उभा करावा, त्याचे तोंड कोणत्या दिशेस असावे, त्याच्याभोवती किती मोकळी जागा सोडावी, हे सर्व निर्णय राजकीय स्वरूपाचे असत. साहजिकच सत्तांतर झाले की पहिला आघात पुतळ्यावर आणि दुसरा चौकाच्या नावावर होत असे. पॅरिसमधील प्लास द ला काँकॉर्द हा चौक या प्रक्रियेचे अत्यंत बोलके उदाहरण होय. १७६३ ते १८३० या सुमारे सदुसष्ट वर्षांच्या काळात हा चौक 'लुई पंधरावा चौक', 'क्रांती चौक', 'काँकॉर्द चौक', पुन्हा 'लुई पंधरावा चौक', 'लुई सोळावा चौक' आणि अखेरीस पुन्हा 'काँकॉर्द चौक' अशा नावांनी ओळखला गेला. 'काँकॉर्द' या फ्रेंच शब्दाचा अर्थ सलोखा किंवा एकोपा असा आहे. ज्या जागेवर एक हजाराहून अधिक माणसांचा शिरच्छेद झाला, त्या जागेस सलोख्याचे नाव मिळावे, यातील विरोधाभास सहज लक्षात येतो.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या अभ्यासात या चौकाचा उल्लेख बहुधा गिलोटिनच्या संदर्भात येतो आणि तेथेच संपतो. वस्तुतः या चौकाच्या इतिहासातून एक व्यापक प्रश्न उपस्थित होतो. रक्तपाताने कलंकित झालेल्या सार्वजनिक जागेचे पुढे काय करावे? तेथे बळींचे स्मारक उभारावे, विजेत्यांचा जयस्तंभ उभारावा, की घडलेले विसरून जावे? फ्रेंच राज्यकर्त्यांनी १७९५ मध्ये आणि पुन्हा १८३६ मध्ये तिसरा मार्ग निवडला. प्रस्तुत लेखात चौकाच्या जडणघडणीपासून अलीकडील काळापर्यंतच्या स्थित्यंतरांचा आढावा घेऊन विस्मरणाचे हे धोरण कितपत यशस्वी झाले, याची चिकित्सा केली आहे. चौकाचे मध्यस्थान निःशब्द करण्यात राज्यकर्ते यशस्वी झाले; मात्र चौकाच्या कडा, म्हणजे पूल, भोवतालच्या इमारती आणि कोपऱ्यातील पुतळे, पुन्हा पुन्हा बोलू लागले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

राजसत्तेचा चौक

१७४४ मध्ये मेट्झ येथे लुई पंधरावा गंभीर आजारातून बरा झाला. त्या वेळी तो प्रजेत लोकप्रिय होता. १७४८ मध्ये पॅरिसच्या नगरप्रशासनाने राजाचा अश्वारूढ पुतळा उभारण्याचे ठरविले आणि ते काम एदमे बूशार्दाँ या शिल्पकाराकडे सोपविले. पुतळ्यासाठी त्वीलरी राजवाड्याची बाग आणि शांझेलिझे यांच्यामधील मोकळी जमीन निवडण्यात आली. शहराच्या तत्कालीन पश्चिम सीमेवरील ही जागा राजानेच दिली. चौकाचा आराखडा राजवास्तुविशारद आंज-झाक गाब्रिएल याने तयार केला व १७५५ मध्ये तो स्वीकारला गेला.

गाब्रिएलच्या आराखड्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने चौक चारी बाजूंनी इमारतींनी बंदिस्त केला नाही. केवळ उत्तरेस दोन जुळ्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. दक्षिणेस सीन नदी, पूर्वेस राजवाड्याची बाग आणि पश्चिमेस शांझेलिझेची वृक्षराजी अशा तीन बाजू मोकळ्या राहिल्या. अष्टकोनी आकाराच्या या चौकाभोवती कोरडे खंदक व दगडी कठडे होते. हा मोकळेपणा राजाच्या पुतळ्यास दुरूनही पाहता यावे यासाठी होता. पुढे हाच मोकळेपणा सैन्याच्या रांगांना, वधस्तंभास, मिरवणुकांना आणि निदर्शकांना सोयीचा ठरला. स्थापत्याचा हेतू एक आणि उपयोग दुसरा, हे या चौकाच्या इतिहासातील पहिले सूत्र आहे.

२० जून १७६३ रोजी पुतळ्याचे अनावरण झाले. बूशार्दाँ आदल्या वर्षीच निधन पावला होता. चबुतऱ्याचे उर्वरित काम पिगाल या शिल्पकाराने पूर्ण केले. चबुतऱ्याच्या चार कोपऱ्यांवर सामर्थ्य, न्याय, विवेक आणि शांती या चार सद्गुणांच्या स्त्रीमूर्ती होत्या. परंतु १७४८ मधील लोकप्रिय राजा १७६३ पर्यंत अप्रिय झाला होता. सप्तवार्षिक युद्धातील पराभवाने फ्रान्सने कॅनडा गमावला होता आणि भारतातील फ्रेंच सत्ता काही वखारींपुरती उरली होती. पायाशी सद्गुण आणि वर राजा या रचनेवर पॅरिसमध्ये उपहासात्मक पद्ये फिरू लागली. पुतळा पूर्ण होईपर्यंत त्यामागील भावना नाहीशी झाली होती.

या चौकाचा पहिला मोठा बळीप्रसंग क्रांतीपूर्वीच घडला. ३० मे १७७० रोजी युवराज लुई आणि ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत यांच्या विवाहाप्रीत्यर्थ येथे आतषबाजी करण्यात आली. चौकातून बाहेर पडणाऱ्या रू रॉयाल या रस्त्यावर प्रचंड चेंगराचेंगरी झाली आणि अधिकृत गणनेनुसार १३२ जण मृत्युमुखी पडले. ज्या दांपत्याच्या विवाहोत्सवात हे घडले, त्या दोघांचाही शेवट तेवीस वर्षांनंतर याच चौकात झाला. मात्र त्या योगायोगापेक्षा महत्त्वाची बाब ही की, राजवैभवाच्या देखाव्यासाठी आखलेल्या जागेत सामान्य माणसांच्या सुरक्षिततेचा विचार झालेला नव्हता.

राजवाडा आणि जनता यांच्यामध्ये

१२ जुलै १७८९ रोजी लोकप्रिय अर्थमंत्री नेकर यास पदच्युत केल्याची वार्ता पॅरिसमध्ये पसरली. संतप्त जमाव लुई पंधरावा चौकात जमला असता प्रिन्स द लांबेस्क याच्या घोडदळाने त्यावर चाल केली. दुसऱ्या दिवशी जमावाने चौकाच्या उत्तरेकडील राजकीय भांडारगृहातून शस्त्रे हस्तगत केली. त्यांत शोभेच्या आणि पुरातन शस्त्रांचाही समावेश होता. बास्तीयचा पाडाव १४ जुलैस शहराच्या पूर्व भागात झाला. त्याची पूर्वपीठिका मात्र या पश्चिमेकडील चौकात घडली.

बास्तीयशी या चौकाचा आणखी एक संबंध आहे. अभियंता पेरोने याच्या देखरेखीखाली १७८७ मध्ये चौकाच्या दक्षिणेस सीन नदीवर पूल बांधण्यास प्रारंभ झाला होता. १७९१ मध्ये पूर्ण झालेल्या या पुलासाठी उद्ध्वस्त बास्तीयचे दगड वापरण्यात आले. पुलाच्या पलीकडे बूरबाँ प्रासाद आहे. पुढे याच वास्तूत फ्रान्सचे कायदेमंडळ स्थिरावले. त्यामुळे एका बाजूस राजवाडा आणि नदीपलीकडे लोकप्रतिनिधींचे सभागृह, अशा दोन सत्ताकेंद्रांच्या मध्ये हा चौक आला. चौकाच्या पुढील राजकीय भवितव्याचे कारण त्याच्या नावापेक्षा या भौगोलिक स्थानात अधिक आहे.

१० ऑगस्ट १७९२ रोजी त्वीलरी राजवाड्यावर हल्ला झाला आणि राजेशाही व्यवहारतः संपुष्टात आली. लगोलग लुई पंधराव्याचा पुतळा पाडण्यात आला. त्या ब्राँझच्या पुतळ्याचा उजवा हात आज लूव्र संग्रहालयात आहे. चौकाचे नाव 'क्रांती चौक' झाले. रिकामा चबुतरा मात्र तसाच उभा राहिला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये भांडारगृहातून राजघराण्यातील रत्नांची चोरी झाली. त्यांत 'फ्रेंच ब्लू' या नावाने प्रसिद्ध असलेला निळा हिरा होता. तो भारतातून ताव्हेर्निए या व्यापाऱ्याने नेला होता व चौदाव्या लुईस विकला होता. आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेत असलेला 'होप' हिरा हा त्याच हिऱ्यास पुन्हा पैलू पाडून तयार झाला, असे अभ्यासकांनी सिद्ध केले आहे. राजसत्तेची प्रतीके केवळ फोडली गेली नाहीत. ती रूप बदलून जगाच्या बाजारातही गेली.

क्रांती चौक आणि गिलोटिन

गिलोटिनचा पहिला वापर २५ एप्रिल १७९२ रोजी प्लास द ग्रेव्ह या देहदंडाच्या पारंपरिक जागी झाला. राजाच्या वधासाठी मात्र क्रांती चौकाची निवड झाली. विस्तीर्ण मोकळ्या जागेत सैन्याचा वेढा घालणे शक्य होते आणि राजास सोडविण्याचा प्रयत्न हाणून पाडता आला असता. २१ जानेवारी १७९३ रोजी सकाळी दहाच्या सुमारास लुई सोळाव्यास येथे आणण्यात आले. वधमंच रिकामा चबुतरा आणि शांझेलिझे यांच्यामध्ये उभारला होता. आजोबांच्या पुतळ्याच्या रित्या चबुतऱ्यासमोर नातवाचा शिरच्छेद झाला. राजसत्ता दैवी नसून तिच्यावर खटला चालविता येतो, हे क्रांतिकारकांना सिद्ध करावयाचे होते. त्या चबुतऱ्याने ते शब्दांवाचून सांगितले.

मे १७९३ पासून गिलोटिन या चौकात कायमचे उभे राहिले. १० ऑगस्ट १७९३ रोजी चित्रकार दाव्हिद याने आयोजित केलेला प्रजासत्ताकाच्या एकतेचा उत्सव साजरा झाला. त्या निमित्ताने चबुतऱ्यावर लेमो या शिल्पकाराने घडविलेली स्वातंत्र्यदेवतेची भव्य मूर्ती बसविण्यात आली. राजचिन्हे जाळण्यात आली आणि पक्षी मोकळे सोडण्यात आले. ही मूर्ती ब्राँझची किंवा संगमरवराची नव्हती. ती प्लास्टरची होती. पुढील काही महिने या तात्पुरत्या मूर्तीच्या नजरेसमोर गिलोटिनचे काम चालू राहिले.

येथे बळी गेलेल्यांची यादी पाहिली असता क्रांतीच्या अंतर्गत संघर्षाचा आलेखच समोर येतो. मारा याची हत्या करणारी शार्लोत कोर्दे हिचा वध जुलै १७९३ मध्ये, तर राणी मारी आंत्वानेत हिचा १६ ऑक्टोबरला झाला. ३ नोव्हेंबरला ओलँप द गूज हिला येथे देहदंड देण्यात आला. 'मानवी हक्कांच्या जाहीरनाम्या'त स्त्रीचा विचार नाही, हे ओळखून तिने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला होता. स्त्रीस वधमंचावर जाण्याचा हक्क असेल, तर व्यासपीठावर जाण्याचाही असला पाहिजे, असा युक्तिवाद तिने त्यात केला होता. क्रांतीने तिला पहिला हक्क दिला, दुसरा दिला नाही. त्याच महिन्यात जिराँदवादी गटाच्या श्रीमती रोलाँ, ५ एप्रिल १७९४ रोजी दांताँ, ८ मे रोजी आधुनिक रसायनशास्त्राचा प्रवर्तक लाव्हाझिए, असा हा क्रम चालू राहिला. लाव्हाझिए हा शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर करवसुलीच्या जुन्या मक्तेदारीतील भागीदार म्हणून मारला गेला.

जून १७९४ मध्ये गिलोटिन शहराच्या पूर्वेकडे हलविण्यात आले. तेथे १४ जून ते २७ जुलै या केवळ सहा आठवड्यांत १३०६ जणांचा शिरच्छेद झाला. परंतु २८ जुलै १७९४ रोजी रोबस्पिएर आणि त्याच्या एकवीस साथीदारांसाठी ते यंत्र मुद्दाम परत क्रांती चौकात आणण्यात आले. जेथे राजा मारला गेला तेथेच दहशतीच्या राज्याच्या सूत्रधाराचा अंत व्हावा, ही योजना अर्थपूर्ण होती. चौक आता केवळ जागा राहिला नव्हता. तो राजकीय भाषेतील एक शब्द झाला होता.

१७९५ चा ठराव : सलोख्याचे नाव

२६ ऑक्टोबर १७९५ रोजी नॅशनल कन्व्हेन्शनची अखेरची बैठक झाली. विसर्जित होण्यापूर्वी या सभेने एक ठराव संमत केला. सर्वसाधारण शांतता प्रस्थापित झाल्याच्या दिवसापासून देहदंड रद्द होईल, असे त्यात घोषित केले होते. क्रांतीशी निगडित कृत्यांसाठी काही अपवाद वगळून सार्वत्रिक माफी देण्यात आली. आणि क्रांती चौकाचे नाव यापुढे 'काँकॉर्द चौक' असेल, असे ठरविण्यात आले.

या तिन्ही तरतुदी एकाच ठरावात असणे हा योगायोग नाही. देहदंडाचे निर्मूलन भविष्यासाठी, माफी भूतकाळासाठी आणि चौकाचे नाव वर्तमानासाठी होते. ज्या सभेने राजास देहदंड फर्मावला आणि दहशतीच्या राज्यास संमती दिली, त्याच सभेने हे केले, हेही लक्षात घेतले पाहिजे. माफी देणारे आणि माफीची आवश्यकता असणारे बऱ्याच अंशी एकच होते. बळींच्या आप्तांना या सलोख्याविषयी कोणी विचारले नव्हते.

तिन्ही तरतुदींचे भवितव्य मात्र वेगवेगळे ठरले. माफीस अपवाद होते आणि राजकीय सूडचक्र पुढेही चालू राहिले. देहदंड १८०१ च्या अखेरीस कायद्यानेच कायम ठेवण्यात आला. फ्रान्समध्ये तो रद्द होण्यासाठी १९८१ साल उजाडावे लागले. तिन्हींपैकी सर्वांत स्वस्त असलेली तरतूद, म्हणजे नाव, तेवढी टिकली. आणि तीही मधल्या काळातील खंडानंतर. प्लास्टरची जीर्ण झालेली स्वातंत्र्यदेवता १८०० मध्ये हटविण्यात आली.

पुनःस्थापित राजेशाही : प्रायश्चित्ताचे राजकारण

नेपोलियनने या चौकाच्या मध्यभागापेक्षा त्याच्या क्षितिजाकडे अधिक लक्ष दिले. उत्तरेस मादलेन येथे त्याने आपल्या सैन्याच्या गौरवार्थ मंदिर योजिले आणि दक्षिणेस बूरबाँ प्रासादास स्तंभयुक्त दर्शनी भाग दिला. दोन्ही वास्तू चौकाच्या मध्यातून जाणाऱ्या एकाच रेषेवर एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

१८१४ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाल्यावर विजयी दोस्त राष्ट्रांच्या फौजा पॅरिसमध्ये आल्या. १० एप्रिल १८१४ रोजी ईस्टरच्या दिवशी रशियाचा झार पहिला अलेक्झांडर याने याच चौकात ऑर्थोडॉक्स पंथाची उपासना करविली. चौकास पुन्हा पंधराव्या लुईचे नाव मिळाले. १८२६ मध्ये चार्ल्स दहावा याने आपला वधित बंधू लुई सोळावा याच्या स्मारकाची पायाभरणी केली आणि चौकास त्याचे नाव दिले. तत्पूर्वी १८१५ मध्ये राजा-राणीचे अवशेष मादलेनच्या दफनभूमीतून सँ-देनी येथील राजसमाधिस्थळी नेण्यात आले होते आणि दफनभूमीच्या जागी प्रायश्चित्त-मंदिर उभारण्यात आले.

राजेशाहीची भूमिका स्पष्ट होती. राष्ट्राने पाप केले असून त्याने सार्वजनिकरीत्या प्रायश्चित्त घेतले पाहिजे, अशी तिची धारणा होती. परंतु ज्या मध्यमवर्गास व शेतकऱ्यांस क्रांतीने जमिनी व हक्क दिले होते, त्यांना हे प्रायश्चित्त म्हणजे आरोप वाटला. जुलै १८३० च्या क्रांतीने चार्ल्स दहाव्यास पदच्युत केले आणि स्मारक अपूर्णच राहिले. विस्मरण जसे लादता येत नाही, तसे स्मरणही लादता येत नाही, हे यातून सिद्ध झाले.

ऑबेलिस्क : निवडलेले मौन

१८३० मध्ये सत्तेवर आलेला लुई फिलिप अडचणीत होता. तो राजा होता, परंतु क्रांतीने गादीवर बसविलेला. चौकात राजाचा पुतळा उभारला तर प्रजासत्ताकवादी दुखावणार. क्रांतीचे स्मारक उभारले तर राजनिष्ठ दुखावणार. ही कोंडी इजिप्तमधील एका दगडाने सोडविली. इजिप्तचा शासक मोहम्मद अली याने लक्सरच्या मंदिरासमोरील दोन ऑबेलिस्क, म्हणजे निमुळते एकाश्म स्तंभ, फ्रान्सला देऊ केले होते. चित्रलिपीचे वाचन करणारा विद्वान शाँपोलियाँ याने त्यांपैकी एकाची प्रथम निवड केली.

सुमारे २३ मीटर उंच आणि २३० टन वजनाचा हा स्तंभ आणण्यासाठी 'लक्सर' नावाचे सपाट तळाचे जहाज मुद्दाम बांधण्यात आले. अभियंता लेबा याच्या देखरेखीखाली १८३१ मध्ये स्तंभ खाली उतरविला गेला आणि नाईल, भूमध्य समुद्र, अटलांटिक आणि सीन असा जलप्रवास करून १८३३ मध्ये तो पॅरिसला पोहोचला. २५ ऑक्टोबर १८३६ रोजी दोन लाखांहून अधिक प्रेक्षकांसमोर तो चौकाच्या मध्यभागी उभा करण्यात आला. राजा नौदल मंत्रालयाच्या सज्जातून हा सोहळा पाहत होता. चबुतऱ्यावर कोणत्याही राजकीय घटनेचे चित्रण नसून स्तंभ उचलण्याच्या यंत्रसामग्रीच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. इतिहासाची जागा अभियांत्रिकीने घेतली.

फ्रान्समधील कोणत्याही पक्षास ज्याचे सुखदुःख नाही असे स्मारक, हे ऑबेलिस्कचे खरे महत्त्व होते. मात्र तो दगड मुळात मुका नव्हता. त्यावर दुसऱ्या रामसेस या सम्राटाची स्तुती कोरलेली आहे. राजसत्तेचे गौरवगान करणारा स्तंभ राजसत्तेच्या वादावर तोडगा म्हणून निवडला गेला. कारण चौकातील प्रेक्षकांना ते वाचता येत नव्हते. एका राष्ट्राच्या विस्मरणासाठी दुसऱ्या राष्ट्राची स्मृती उचलून आणली गेली, ही बाबही नोंदविली पाहिजे. बदल्यात फ्रान्सने इजिप्तला दिलेले घड्याळ कैरोच्या किल्ल्यातील मोहम्मद अलीच्या मशिदीत आहे. लक्सरमधील दुसऱ्या ऑबेलिस्कवरील हक्क फ्रान्सने राष्ट्राध्यक्ष मित्तेराँ यांच्या कारकिर्दीत औपचारिकरीत्या सोडला.

चौकाची उर्वरित रचना वास्तुविशारद हिटॉर्फ याने केली. १८४० मध्ये नद्या आणि समुद्र यांना वाहिलेली दोन कारंजी सुरू झाली. चौकाच्या कडांवर ब्रेस्त, रूआँ, लील, स्ट्रासबर्ग, लियों, मार्सेय, बोर्दो आणि नाँत या आठ शहरांच्या स्त्रीरूपातील मूर्ती बसविल्या गेल्या. राजाऐवजी राष्ट्राचा भूगोल, अशी ही निर्विवाद वाटणारी कल्पना होती. कडेच्या याच मूर्तींपैकी एकीस पुढे राजकीय अर्थ प्राप्त झाला.

कडा बोलू लागतात

२४ फेब्रुवारी १८४८ रोजी पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती झाली. राजत्याग करून लुई फिलिप त्वीलरीच्या बागेतून पायी बाहेर पडला आणि ऑबेलिस्कजवळ उभ्या असलेल्या बग्गीत बसून त्याने पलायन केले. ज्या स्तंभाने त्याच्या राजवटीस वादमुक्त करावयाचे होते, तोच तिच्या अंताचा साक्षी झाला. दोन महिन्यांनी, २७ एप्रिल रोजी, चौकालगतच्या नौदल मंत्रालयात फ्रेंच वसाहतींमधील गुलामगिरी रद्द करणाऱ्या फर्मानावर स्वाक्षऱ्या झाल्या. १२ नोव्हेंबरला दुसऱ्या प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेची उद्घोषणा चौकातच करण्यात आली. क्रांतीच्या नावाने रक्त सांडलेल्या जागी प्रजासत्ताकाने या वेळी कायद्याचा मजकूर वाचून दाखविला.

४ सप्टेंबर १८७० रोजी सेदाँ येथील पराभवाची वार्ता आल्यावर जमावाने चौकातून पूल ओलांडून कायदेमंडळात प्रवेश केला आणि दुसरे साम्राज्य कोसळले. मार्च १८७१ मध्ये जर्मन सैन्याने शांझेलिझे ते काँकॉर्द या पट्ट्यात अल्पकाळ तळ दिला. मे महिन्यात पॅरिस कम्यूनच्या अखेरच्या लढाईत त्वीलरी राजवाडा जाळला गेला व १८८३ पर्यंत त्याचे अवशेषही पाडण्यात आले. या घटनेचा चौकाच्या राजकीय भूगोलावर दूरगामी परिणाम झाला. राजवाडा हे एक सत्ताकेंद्र नष्ट झाले. आता केवळ पुलापलीकडील कायदेमंडळ उरले आणि चौकातील असंतोषाची दिशा त्याच्याकडे वळली.

१८७१ च्या तहाने आल्सास व लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला. प्राडिए या शिल्पकाराने घडविलेली स्ट्रासबर्गची मूर्ती तेव्हापासून शोकस्थान बनली. तिच्यावर काळी वस्त्रे व पुष्पचक्रे वाहिली जाऊ लागली. राष्ट्रवादी संघटनांच्या मिरवणुका तेथे येऊ लागल्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये आल्सास परत मिळेपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, हा क्रम चालला. ज्या चौकात राजा, राणी आणि क्रांतिकारक यांच्यापैकी कोणाचाही शोक करावयाचा नाही असे ठरले होते, तेथे गमावलेल्या प्रांताचा शोक मात्र सर्वमान्य झाला. आपापसांतील हिंसेपेक्षा परकीयांनी केलेला आघात स्मरणात ठेवणे समाजास सोपे जाते, हे यातून दिसून येते.

६ फेब्रुवारी १९३४ रोजी चौकाच्या दक्षिण कडेने वेगळेच रूप दाखविले. स्ताव्हिस्की आर्थिक घोटाळ्यामुळे सरकारची प्रतिमा डागाळली होती. अतिउजव्या संघटनांचे आणि माजी सैनिकांचे जमाव चौकात जमले व पूल ओलांडून कायदेमंडळाकडे जाण्याचा प्रयत्न करू लागले. पोलिसांनी गोळीबार केला. पंधराच्या आसपास लोक मारले गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान दालादिए यांनी राजीनामा दिला. रस्त्यावरील दबावामुळे तिसऱ्या प्रजासत्ताकातील सरकार पडण्याची ही पहिली वेळ होती. फॅसिझमच्या धोक्याची जाणीव होऊन डावे पक्ष एकत्र आले आणि १९३६ मध्ये 'पॉप्युलर फ्रंट'चे सरकार सत्तेवर आले. बास्तीयच्या दगडांनी बांधलेल्या पुलावर प्रजासत्ताकाचा बचाव पोलिसांच्या बंदुकांनी करावा लागला, ही बाब लोकशाहीच्या अभ्यासकांस विचार करावयास लावणारी आहे.

महायुद्धोत्तर काळ

दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना नौदल मंत्रालयाच्या इमारतीत जर्मन नौदलाचे कार्यालय होते. २५ ऑगस्ट १९४४ रोजी मुक्तिसंग्रामाच्या वेळी चौकात रणगाड्यांची लढाई झाली. दुसऱ्या दिवशी जनरल द गॉल शांझेलिझेवरून विजययात्रेने चौकात आले असता गोळीबार होऊन जनसमुदायात गोंधळ उडाला. ३० मे १९६८ रोजी विद्यार्थी-कामगार आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर द गॉल यांच्या समर्थकांची प्रचंड मिरवणूक येथूनच निघाली. १४ जुलै १९८९ रोजी क्रांतीच्या द्विशताब्दीच्या सोहळ्यात कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका जेसी नॉर्मन यांनी या चौकात फ्रान्सचे राष्ट्रगीत गायिले. क्रांतीचे सार्वत्रिक मूल्य अधोरेखित करण्यासाठी गिलोटिनची जागा निवडली गेली. गिलोटिनचा उल्लेख मात्र सोहळ्याच्या केंद्रस्थानी नव्हता.

१६ मार्च २०२३ रोजी निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करणारे विधेयक सरकारने कायदेमंडळात मतदान न घेता पुढे रेटले. त्याच सायंकाळी हजारो नागरिक उत्स्फूर्तपणे काँकॉर्द चौकात, सभागृहासमोर, जमले. निदर्शकांच्या घोषणांमध्ये सोळाव्या लुईच्या शिरच्छेदाचा उल्लेख होता. काही दिवसांतच तेथे जमण्यास प्रशासनाने बंदी घातली. पुढील वर्षी, २०२४ मध्ये, याच चौकात ऑलिंपिकमधील नागरी क्रीडाप्रकारांच्या स्पर्धा झाल्या आणि २८ ऑगस्टला पॅरालिंपिक स्पर्धांचा उद्घाटन सोहळा पार पडला. निषेध आणि उत्सव या दोन्ही कार्यांसाठी चौकाचा उपयोग होण्याची परंपरा अशा प्रकारे अखंडित राहिली आहे.

समारोप

काँकॉर्द चौकाच्या सुमारे पावणेतीन शतकांच्या इतिहासातून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, सार्वजनिक जागेचे नाव हे राज्यकर्त्यांच्या इच्छेचे दर्शक असते, समाजाच्या स्थितीचे नव्हे. सलोखा प्रस्थापित झाला म्हणून १७९५ मध्ये 'सलोखा' हे नाव दिले गेले नाही. तो नव्हता म्हणून दिले गेले. दुसरी बाब अशी की, सूडाचे आणि प्रायश्चित्ताचे स्मारक हे दोन्ही पर्याय या चौकात अल्पायुषी ठरले. स्वातंत्र्यदेवता सात वर्षे टिकली. लुई सोळाव्याचे स्मारक उभेच राहू शकले नाही. याउलट परकीय आणि निरर्थक वाटणारा दगड आजही उभा आहे. समाजात तीव्र मतभेद असतात तेव्हा मौन हा व्यवहार्य मार्ग ठरतो, हे मान्य करावे लागते.

परंतु व्यवहार्य मार्ग हा न्याय्य असतोच असे नाही. या चौकाच्या मौनाची किंमत ज्यांनी चुकविली, त्यांत राजा-राणीचा समावेश करता येत नाही. त्यांना समाधी आणि प्रायश्चित्त-मंदिर मिळाले. येथे मारल्या गेलेल्या एक हजाराहून अधिक जणांपैकी बहुसंख्य सामान्य स्त्री-पुरुष होते. १७७० च्या चेंगराचेंगरीतील १३२ जणही सामान्यच होते. त्यांच्या नावांना या विस्तीर्ण चौकात स्थान नाही. विस्मरणाचे धोरण सर्वांवर सारखे लागू झाले, असे वरकरणी दिसते. प्रत्यक्षात ज्यांच्यापाशी स्मरणाची अन्य साधने नव्हती, तेच विसरले गेले.

आणि तरीही हे विस्मरण पूर्ण झाले नाही. २०२३ मधील निदर्शकांपैकी कोणासही चौकाचा इतिहास ऑबेलिस्कने सांगितला नव्हता. तो त्यांना ठाऊक होता. राज्यकर्त्यांनी मध्यभागी मौन उभे केले, तेव्हा स्मृती पुलावर, पुतळ्यांच्या पायाशी आणि घोषणांमध्ये जाऊन राहिली. चौकांची नावे बदलणाऱ्या आणि पुतळे उभारणाऱ्या व पाडणाऱ्या प्रत्येक समाजासाठी यातील बोध एकच आहे : सलोख्याची घोषणा ठरावाने करता येते, सलोखा मात्र कोणाचे दुःख मोजले गेले आणि कोणाचे गेले नाही, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिल्याशिवाय निर्माण होत नाही.